दार लावून घ्या

शरयूकाकूंशी माझी ओळख भांडणातून झाली. त्या गेल्या त्यालाही आता बरेच महिने झाले, पण ते भांडण अजून मिटलेलं नाही. दुबईच्या अल क्वोजमधल्या आमच्या गोडाऊनमधून अजमानला परतताना गाडीत ते गाणं लागलं की मी आवाज वाढवते, आणि वाढवता वाढवता मनातल्या मनात म्हणते, "काकू, आवडतं मला, काय करू?" त्यावर त्या काय म्हणाल्या असत्या ते मला शब्दशः ठाऊक आहे. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला ते गाणं माहीत नाही असं सहसा होत नाही. लग्नात पाठवणीच्या वेळी हमखास लागतं. संथ चाल, मागे संतूर, मधूनच बासरी.

डोळ्यांत पाणी, रस्ता लांब,
आई म्हणते थांब गं थांब,
येईन लवकर येईन मी,
दार उघडं ठेवा.

इथे अमिरातीत तर या गाण्याशिवाय आमच्या मराठी मंडळाचा एकही कार्यक्रम संपत नाही. "बस, अजून दोन वर्षं, मग पुण्याला परत," असं अर्ध्या नोकरीभर म्हणत आलेली माणसं 'दार उघडं ठेवा'ला चष्मे काढून पुसायला लागतात. मीही त्यातलीच. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात धूर झाला म्हणून बाहेरचं दार उघडं टाकून मी थालीपीठ थापत तेच गाणं म्हणत होते, यात नवल काही नव्हतं.

बेल वाजली. दारात एक ऐंशीला टेकलेल्या बाई. कापलेले पांढरे केस, पायघोळ निळा कफ्तान, ओठांवर ठसठशीत लाल लिपस्टिक.

"कोण गातंय?"

"मी."

"चुकीचं गाताय."

मी सूर चुकला असेल म्हणून ओशाळले. तर म्हणाल्या, "सूर ठीक आहे. गाणंच चुकीचं आहे. 'दार उघडं ठेवा' नाही. 'दार लावून घ्या'."

"काकू, मी लहानपणापासून ऐकतेय हे."

"आणि मी त्याच्या आधीपासून म्हणतेय," असं म्हणून त्या मला बाजूला सारून आत आल्या, टेबलाशी बसल्या आणि विचारलं, "थालीपीठ एकच करताय का?"

समोरच्या फ्लॅटमधल्या मिलिंदची ही आई. वडील वारल्यावर मिलिंदने तिला मुंबईहून आणलं होतं. मिलिंद भला माणूस. उम्म अल कुवैनच्या एका पाइपच्या कारखान्यात क्वालिटी सांभाळतो, आणि आमच्या मंडळाचा सांस्कृतिक सचिवही तोच आहे. बायको आणि बारावीतली मुलगी रिया असं त्याचं सुटसुटीत घर. त्या घरात काकू आल्या आणि सुटसुटीतपणा संपला.

रोज संध्याकाळी त्या एकट्या कॉर्निशवर, समुद्राकाठी फिरायला जायच्या. फोन मुद्दाम घरी ठेवायच्या. मिलिंद हैराण व्हायचा. "आई, किती वाजता येणार तेवढं तरी सांग!" त्यांचं उत्तर ठरलेलं. "येईन तेव्हा येईन." मग मिलिंद माझ्या दारात. "कुठे गेली असेल हो?" एकदा आम्ही दोघं शोधायला निघालो, तर बाई बोटींच्या धक्क्यापाशी दोन मल्याळी कोळ्यांशी हिंदीत पापलेटच्या भावावरून वाद घालत होत्या. घ्यायचं काहीच नव्हतं. "भाव करायला माणसाला मासे लागत नाहीत," असं वर मलाच ऐकवलं.

अरबी त्यांनी आल्या आल्या उचललं. म्हणजे चार शब्द. पण ते चार कुठेही वापरायच्या. गॅस संपला की खलास, सून आवरत बसली की यल्ला, आणि हबीबी तर सरसकट सगळ्यांना. गणपतीत मिलिंदकडे पूजेला एक गुरुजी येतात. एरवी ते आयटीत असतात, सोवळं बॅगेत घालून आणतात. आरती सुरू झाली आणि सगळ्यांची टाळी बिघडायला लागली. कोण चुकतंय कळेना. पाहतो तर काकू. आपण सगळे पहिल्या मात्रेवर टाळी देतो, त्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर देत होत्या, आणि इतक्या खणखणीत की आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे ओढली जात होती. गुरुजी घंटा हातात धरून थांबले आणि म्हणाले, "काकू, टाळी चुकतेय."

"चुकत नाहीये, हबीबी," काकू म्हणाल्या. "तुमची आरती झोपलीय, तिला उठवतेय."

रियाने फोनवर त्याचा व्हिडिओ काढला. "आजी, you're swinging the aarti!" तिच्या मित्रमंडळींत तो बराच फिरला. मिलिंदच्या मित्रमंडळींतही फिरला, पण तिथे कुणी हसलं नाही.

गाण्याची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक वेळा माझ्या स्वयंपाकघरात, मी काम करताना आणि त्या न करताना. साठच्या दशकाची सुरुवात. मुंबईत फोर्टातल्या एका ऑफिसात त्या टायपिस्ट होत्या. वय एकोणीस. ऑफिसच्या गॅदरिंगला गोव्याच्या पोरांचा बँड यायचा. त्यांच्यातल्या सॅक्सोफोनवाल्याने परदेशी तबकड्या ऐकून ऐकून रॉक अँड रोल आत्मसात केलं होतं, आणि तसं एक गाणं मराठीत करायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मराठी शब्द लिहिले ऑफिसातल्याच एका कारकुनाने. गायला शरयू. कारण, त्यांच्याच शब्दांत, "बाकीच्या मुली लाजायच्या, मला ते जमत नव्हतं."

हातात चपला, रस्ता लांब,
कोण म्हणतंय थांब गं थांब?
येईन तेव्हा येईन मी,
दार लावून घ्या!

नाचायला निघालेली मुलगी घरच्यांना सांगते आहे की माझी वाट बघत बसू नका. एवढंच गाणं. एका दुपारात ध्वनिमुद्रण झालं, तबकडी निघाली, इराण्याच्या हॉटेलांत थोडी वाजली. मग वर्षाच्या आत दुसरी तबकडी आली. चाल तीच, पण दमवून संथ केलेली. चपलांच्या जागी डोळ्यांतलं पाणी आलं, विचारणारं कुणीतरी जाऊन आई आली, आणि लावायचं दार उघडं राहिलं. गाणारी बाई मोठी होती, तिचं नाव काकूंनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही. ती तबकडी घरोघर गेली आणि पहिली दुकानातून दिसेनाशी झाली.

"म्हणजे चोरलं की हो तुमचं," मी म्हटलं.

"छे! सॅक्सोफोनवाल्याने रीतसर दिलं त्यांना. त्याला पोरंबाळं होती. आणि गळा काय होता त्या बाईचा! मी जन्मात तशी गाऊ शकले नसते." मग माझ्या हातातलं लाटणं काढून घेऊन त्यांनी ओट्यावर एकदा आपटलं. "पण गाणं काय सांगत होतं? मी चालले. आणि ह्यांनी त्या मुलीला रडत रडत उंबऱ्याशी आणून बसवलं. नवी चाल करा, नवे शब्द लिहा, माझी ना नाही. पण माझ्या मुलीला रडवायचं नाही."

"मग पुढे गायलात का नाही? घरच्यांनी थांबवलं?"

"सगळ्यांना हेच वाटतं. कुणी थांबवलं नाही. बोलावणं आलं नाही."

त्यांच्याकडे ती तबकडी नव्हती. घरं बदलताना गेली. मिलिंदने लहानपणी आईकडून हे ऐकलं होतं, पण वडिलांना तो विषय आवडत नसे आणि घरात ते गाणं वाजलं ते दुसरंच, रेडिओवरचं. एकदा लिफ्टमध्ये तो मला हळूच म्हणाला, "मी ऑनलाइन सगळीकडे सर्च केलं. काही नाही. आई खोटं बोलते असं नाही म्हणत मी. पण प्रूफ काय?" कारखान्यात तयार झालेला प्रत्येक पाइप हा माणूस नमुन्याशी ताडून बघतो. आईचा नमुना त्याला मिळत नव्हता.

आणि मग कराओके स्पर्धा आली.

आमच्या मंडळात गाणं म्हणजे ट्रॅक. वाजवणारे नाहीत, तालमीला वेळ नाही. नेटवरून ट्रॅक उतरवायचा, पडद्यावर शब्द सरकतात, त्यांच्या मागे आपण जायचं. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत सूर, ताल आणि सादरीकरण हे तीन रकाने पूर्वीपासून होते. चौथा मिलिंदने त्या वर्षी घातला. 'मूळ गाण्याशी साधर्म्य.' "सँपल मॅच झालं पाहिजे ना," तो समितीत म्हणाला, आणि सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं.

काकूंनी ज्येष्ठांच्या गटात नाव दिलं. गाणं अर्थात तेच. मिलिंद खूश झाला. त्याने ट्रॅक उतरवून आईला ऐकवला. "तू फक्त ह्याच्याबरोबर जा, आई. एकच लक्षात ठेव, 'थांब गं थांब'नंतर गॅप आहे. सगळे तिथेच चुकतात. ट्रॅक डिफेक्टिव्ह आहे तो, मी कंप्लेंट पण टाकलीय."

"मी कुणाबरोबर जायचं ते मी ठरवीन," काकू म्हणाल्या. "वाजवणाऱ्याने गाणाऱ्याच्या मागे यायचं असतं."

शारजातल्या एका रेस्टॉरंटचा वरचा हॉल. काकूंचं नाव पुकारलं. त्या वर गेल्या, लिपस्टिक नेहमीपेक्षा गडद. संतूर सुरू झालं. चार सूर झाले असतील नसतील, त्यांनी हात वर केला. "बंद करा ते. खलास." संतूर बंद पडलं. त्यांनी बोटांनी चुटक्या वाजवायला सुरुवात केली आणि गायल्या.

आवाज चिरलेला होता, खोटं कशाला सांगू? पण गाणं चालत होतं. नुसतं चालत नव्हतं, घाईने निघालं होतं. मागच्या रांगेतली मुलं शिट्ट्या मारायला लागली. पुढच्या रांगा एकमेकींकडे बघायला लागल्या. 'दार लावून घ्या!' आलं तेव्हा कुणीतरी मोठ्याने हसलं. आणि एक गृहस्थ उभे राहिले. "काकू, असं नका हो म्हणू हे गाणं. माझी आई गेली तेव्हा मी इथे होतो. पोचू शकलो नाही. हे गाणं ऐकलं की..." त्यांनी चष्मा काढला.

काकू थांबल्या. त्या माणसाकडे त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं गाणं तुम्ही ठेवा, बाबा. मी घेत नाही. पण हे माझं आहे." आणि उरलेलं कडवं पूर्ण केलं.

परीक्षक म्हणून दुबईहून आलेल्या, गाण्याचे क्लास घेणाऱ्या एक बाई होत्या. अतिशय गोड. "काकूंचा उत्साह पाहून खूप छान वाटलं. फक्त शब्द चुकले, लय बदलली, त्यामुळे मूळ गाण्याशी साधर्म्य या हेडखाली दहापैकी दोन."

"मूळ?" काकू म्हणाल्या. माईक अजून त्यांच्याच हातात होता. "बाई, मूळ मी आहे."

आणि मिलिंद लगबगीने वर गेला, दुसरा माईक घेतला आणि कसनुसं हसत म्हणाला, "सॉरी हं. आईला हल्ली थोडं विसरायला होतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मायेने वाजवल्या. तशा टाळ्या मी लहान मूल स्टेजवर कविता विसरलं की ऐकते. मला मिलिंदचा इतका राग आला की मी खुर्चीतून उठलेच. काकूंनी माईक स्टँडला नीट लावला, पायऱ्या उतरल्या आणि सरळ दाराबाहेर गेल्या.

मी त्यांना गाडीत घातलं. त्यांनी पट्टा लावून घेतला. मग म्हणाल्या, "माझं माझ्याशीच साधर्म्य, दहापैकी दोन!" आणि खरंच हसल्या, पोट धरून. मीही हसले. अजमानचा सिग्नल येईपर्यंत हसू ओसरलं होतं.

"हरले त्याचं काही नाही गं. पण विसरते म्हणाला. आपलाच मुलगा म्हणाला. आता मी काहीही सांगितलं की लोक मान हलवतील. हो काकू, हो काकू."

तसंच झालं. मंडळातले लोक त्यांच्याशी मोठ्या आवाजात, सावकाश बोलायला लागले. मिलिंद त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. त्याला खरोखरच शंका यायला लागली होती, आणि त्यामागे काळजी होती, हेही मला मान्य करायला हवं. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? काकू म्हणाल्या, "शुक्रवार. पण तुमच्याकडे शुक्रवारी अर्धी सुट्टी, म्हणजे वार अर्धाच, तर धरायचा का?" डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये सगळं नॉर्मल लिहिलं. मिलिंद म्हणाला, "अर्ली स्टेजला कळत नाही म्हणतात."

त्या दिवसापासून काकू त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. "रिया, तुझ्या बाबांना सांग, मीठ कमी आहे." बाबा शेजारच्याच खुर्चीत. शेवटी रिया वैतागली. "आजी, I'm not WhatsApp!" तरी महिनाभर तसंच चाललं.

मग मिलिंदचा वाढदिवस आला. समेट व्हावा म्हणून त्याने कॉर्निशवरच्या एका हॉटेलात शनिवारचं जेवण ठेवलं आणि मध्ये कुणीतरी तिऱ्हाईत असावं म्हणून मलाही बोलावलं. भला मोठा बुफे. कोपऱ्यातल्या छोट्या स्टेजवर फिलिपिनो बँड, इथल्या हॉटेलांत असतो तसा. गिटार, बेस, ड्रम्स. दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवायची हेच त्यांचं काम. जुनं इंग्रजी नाचाचं काहीतरी चाललं होतं. काकूंनी बिर्याणीत चमचा तसाच ठेवला.

मिलिंदने विचारलं, "आई, काय झालं?" गाणं संपलं तशा त्या उठल्या आणि स्टेजकडे चालायला लागल्या.

"आई! अगं आई, प्लीज, इथे नको!"

मी त्याचा हात धरला. "बस. जाऊ दे त्यांना."

गिटारवाल्याचं नाव जून. तो वाकून म्हणाला, "व्हॉट साँग, मॅम?"

"माय साँग. यू डोन्ट नो. नो प्रॉब्लेम. की ऑफ ए. थ्री कॉर्ड्स. फास्ट. वॉच माय हँड."

मला वाटलं तो हसेल. तो हसलाच, पण वेगळं. एवढंच सांगितलेलं त्याला पुरेसं होतं. हे मला त्या दिवशी कळलं, की रॉक अँड रोलचा सांगाडा जगभर एकच आहे. तीन कॉर्ड माहीत असलेली माणसं एकमेकांची भाषा न कळताही एकत्र वाजवू शकतात. काकूंनी तोंडाने मोजलं आणि हात खाली आणला.

हातात चपला, रस्ता लांब! पहिल्या ओळीला बँड चाचपडत होता. दुसऱ्या ओळीला त्यांच्या मागे होता. ट्रॅक त्यांच्यासाठी कधीच थांबला नसता, ही तीन माणसं त्यांच्या हाताकडे डोळे लावून वाजवत होती. कोण म्हणतंय थांब गं थांब? काकूंनी मूठ आवळली आणि अख्खा बँड एका झटक्यात गप्प झाला. पूर्ण शांत. काट्याचमच्यांचे आवाज ऐकू आले. काकू त्या शांततेत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, सगळ्या हॉलकडे एकदा बघितलं, कोण मला थांबवतंय ते बघू या म्हणून. मग 'येईन तेव्हा येईन मी' म्हणत मूठ उघडली आणि बँड कोसळल्यासारखा परत आला.

माझ्या शेजारी मिलिंदने चमचा खाली ठेवला. "गॅप," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "ही ती गॅप आहे. त्या ट्रॅकमधली. ते लोक गाणं संथ करताना ती काढायला विसरले." त्याला नमुना मिळाला होता. "मी काय बोललो हो हिला, सगळ्यांसमोर."

"हो, बोललात," मी म्हटलं. मला त्याची दया आली, पण तरी म्हटलं.

शेवटच्या कडव्याला वेटर ट्रे घेऊन उभे होते, रिया खुर्चीवर चढली होती आणि शेजारच्या टेबलावरचं एक इजिप्शियन कुटुंब ठेका धरून टाळ्या वाजवत होतं. 'दार लावून घ्या!' संपलं तेव्हा मिलिंद स्टेजपाशी पोचला होता. डोळे पुसत होता.

"आई, चुकलो मी. मी मंडळात सगळ्यांना सांगतो, की ओरिजिनल तू आहेस. मेल टाकतो आजच."

काकू दमल्या होत्या, कपाळावर घाम होता. महिनाभरात पहिल्यांदा त्या त्याच्याशी थेट बोलल्या. "मेल नको. पुढच्या वेळी बँड आण."

"आणतो. आता खाली ये, जेवण गार होतंय."

"वन मोर, मॅम?" मागून जूनने विचारलं.

मी काकूंना पाहिलं ते हे शेवटचं. दुसऱ्या दिवशी मी सुट्टीवर गेले, आणि परत येण्याआधी एका पहाटे झोपेतच त्या गेल्या, असा रियाचा मेसेज आला. त्यामुळे पुढचं मी फार जपून ठेवलं आहे.

त्यांनी मिलिंदचा पुढे आलेला हात बाजूला केला. "तबकडीला दोन बाजू असतात," त्या माईकमध्येच म्हणाल्या, मराठीत, अजमानच्या त्या हॉटेलात कुणाला कळो न कळो. "मागच्या बाजूला पण माझंच गाणं होतं. ते कुणी घेतलं नाही, कुणी बदललं नाही. कुणी मला विचारलंही नाही."

खरंच, इतक्या दिवसांत आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"हे तुला माहीत नाही, मिलिंद. खाली बसून ऐक."

मिलिंद स्टेजच्या पायरीवरच बसला. काकूंनी केस मागे सारले, जूनला म्हणाल्या, "की ऑफ सी," आणि आमच्याकडे पाठ करून बँडला लय मोजून द्यायला लागल्या.